माकडाचं सुतक

"कोणाक शरण जातंस रे झिला?"

आवाज काजूच्या झाडाआडून आला. माझ्या हातात बांबूची काठी होती, काठीला पांढरं फ्लॅनेलचं कापड बांधलेलं होतं आणि ते मी सकाळपासून पाचोळ्यावरून ओढत फिरत होतो. लांबून पाहणाऱ्याला युद्ध हरलेला पण अजून शत्रू न सापडलेला सैनिक दिसावा, तसा मी दिसत असणार.

"गोचिडींना," मी म्हणालो.

"घेतत शरण?"

"चिकटतात."

झाडाआडून सगुण गवस बाहेर आले. सत्तरीचे, काटक, कमरेला पंचा, पाय अनवाणी. आंबेखोल वाडीत मी ज्यांच्या पडवीत राहत होतो ते हेच. मी मिरजेचा. प्राणिशास्त्रात पदवी घेतली तेव्हा मला वाघ दिसत होते. प्रत्यक्षात तालुक्याच्या आरोग्य खात्याने मला एका हंगामापुरतं गोचिडी गोळा करायला ठेवलं. घरी आईला सांगितलं होतं की संशोधनाचं काम आहे. आईने शेजारी सांगितलं की मुलगा शास्त्रज्ञ आहे. शेजाऱ्यांनी विचारलं, कसला? त्यानंतर आईने मला फोनवर तो विषय काढायचा नाही असं बजावलं.

काम सोपं होतं. कापड ओढायचं, दर थोड्या वेळाने उलटायचं, चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून बाटलीत टाकायच्या. बाटली प्रयोगशाळेत. तिथे कळायचं की या रानात माकडताप आहे का. माकड आजारी पडतं, मरतं. त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पाचोळ्यात पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसतात. नेमकी तेव्हाच काजूची बी वेचायला अख्खी वाडी त्या पाचोळ्यात वाकलेली असते. मागच्या हंगामात ओढ्यापलीकडच्या वाडीत दोघं तापाने फणफणली. एकजण परत आला.

"काका, हलू नका," मी म्हणालो. त्यांच्या घोट्याच्या वर तिळाएवढा काळा ठिपका होता. तीळ चालत नाहीत. हा चालून दमला होता आणि आता डोकं खुपसून बसला होता.

काकांनी खाली पाहिलं, कानावरची विडी काढली, पेटवली आणि पेटतं टोक घोट्याकडे न्यायला लागले.

"नको! भाजली तर ती जाता जाता पोटातलं सगळं तुमच्या रक्तात ओकते."

"मगे काय, समजूत घालू तिची?"

मी चिमटा काढला. कातडीला अगदी लागून धरली, सरळ वर ओढली. पीळ नाही, झटका नाही. बाटलीत टाकली, घोटा साबणाने धुवायला लावला. काका हे सगळं, आपला नव्हे तर दुसऱ्याच कोणाचा तरी पाय असल्यासारखं बघत होते.

"आणि तेल का नाही लावलंत?"

"कसला तेल?"

"मनालीवहिनींनी दिलेलं."

मनालीवहिनी म्हणजे काकांची सून, आणि वाडीची आशाताई, म्हणजे आरोग्यसेविका. तिने घरोघर गोचिडी पळवणाऱ्या तेलाच्या बाटल्या वाटल्या होत्या. वाडीने त्या मोठ्या आदराने देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या होत्या. काकांचं म्हणणं होतं की रानात जाताना माणसाने आंघोळ करून स्वच्छ जावं. काजूच्या बागेला राखणदार असतो, रान सांभाळणारा देव. वाडीचं गाऱ्हाणं काकाच घालायचे, म्हणजे गावाचं सुखदुःख देवापुढे मोठ्याने तेच मांडायचे. अशा माणसाने असल्या वासाचं तेल लावून राखणदारासमोर कसं जायचं?

"पण आंघोळ रानातून आल्यावर करा ना," मी म्हणायचो. "गरम पाण्याने. कपडे बाहेरच काढून, उकळत्या पाण्यात टाकून."

"न्हालेल्या माणसान परत कित्याक न्हावचा?"

यावर माझ्याकडे उत्तर असायचं. पण ते ऐकायला काका नसायचे.

वहिनी संध्याकाळी भाकऱ्या थापताना मला म्हणाली, "आये होती तेवा सांजचे न्हायत रे. ती पाणी तापवन ठेवी. आता सकाळी एकदा, थंड पाण्यान. मी तापवलंय तर म्हणतत, माका नको." तिने तवा उतरवला. "पलीकडच्या वाडीतलो तो गेलो, तो ह्यांच्याच बरोबरीचो. माका रोज सांजचो ह्यांच्या कपाळाक हात लावूचो वाटता. सासऱ्याच्या कपाळाक हात कसो लावतलंय?"

आये म्हणजे तिची सासू, सुभद्राकाकी. पडवीत त्यांचा फोटो होता. हार ताजा असायचा. काका त्या फोटोखालीच जेवायचे, आणि त्यांच्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत.

मग होळीच्या जरा आधी माकड मेलं.

मेलं तेही काकांच्याच बागेत, जुन्या काजूखाली, हात छातीशी घेऊन. मी पोचलो तोवर निम्मी वाडी जमली होती. इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे मिरजेत माकड मेलं तर लोक नगरपालिकेला फोन करतात. इथे माकड म्हणजे मारुतीचा माणूस. त्याला तिरडी बांधतात, गुलाल उधळतात, झांजा वाजवत नेतात, खांदा देतात. कोणी बांबू तोडून आणला होता. कोणी सुंभ. वाडीतला एकुलता एक न्हावी लांबून पेटी घेऊन निघाला होता असं कळलं. कोणाची दाढी करायची हे ठरलं नव्हतं, पण तो निघाला होता.

आणि सगळ्यांच्या पुढे, न्हाऊन, ओलं धोतर नेसून, उघड्या खांद्याने सगुणकाका उभे होते.

त्यांच्या आणि माकडाच्या मधे मनालीवहिनी हात पसरून उभी होती. "बाबा, हात लावायचो नाय! सरकारी माणसां येतली. वायंच थांबा!"

"बाजूक हो गो."

"नाय होवचंय."

"मी खांदो देतलंय. सांगलंय तां सांगलंय."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अगो, देव मेलो हा, आणि तू दवाखानो काय सांगतंस?"

माझ्याकडे भाषण नव्हतं. माझ्याकडे कापड होतं. मी ते काठीवरून सोडलं आणि माकड आणि माणसं यांच्यामधल्या पाचोळ्यावर अंथरलं. पांढरंशुभ्र. वहिनीला मागे ओढलं.

"काय करतंस? बसाक घातलंस?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"बघा फक्त," मी म्हणालो.

सगळे बघायला लागले. काहीच होत नव्हतं. झांजवाल्याने वेळ जावा म्हणून एकदा हळूच झांज वाजवली. मग कापडाच्या माकडाकडच्या कडेवर एक ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग मोजण्याचा विषयच संपला. चिमूटभर राळं, ते बारीक धान्य, सांडावं तसे ते ठिपके पसरले. फरक एवढाच की हे राळं चालत होतं आणि आमच्या दिशेने चालत होतं.

"या सगळ्या त्याच्या अंगावर होत्या," मी सांगितलं. "तो थंड झाला, म्हणून उतरल्या. आता त्यांना गरम माणूस हवाय."

गर्दी एक पाऊल मागे गेली. बांबूवाल्याने बांबू खाली ठेवला. न्हावी तेवढ्यात पोचला, त्याने कापड पाहिलं आणि आला तसाच पेटीसकट परत गेला. वाडीतला सगळ्यात कमी वेळात झालेला प्रबोधनाचा कार्यक्रम तो.

काका मात्र हलले नाहीत.

"बगलंय," ते म्हणाले. "चावांदेत. खांदो मी देतलंय."

तेवढ्यात जीप आली. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टर तायशेटे आणि त्यांचे परिचर बुधाजी. मॅडम पस्तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी पांढरे कपडे बाहेर काढले. नखशिखांत झाकणारे, टोपी, चष्मा, मास्क, हातमोजे. बुधाजीने जाड प्लास्टिकची पिशवी उलगडली. तिची चेन ओढल्याचा आवाज झाला.

त्या आवाजाने काकांचं काय झालं ते मला तेव्हा समजलं नाही. एवढं दिसलं की आत्तापर्यंत हट्टी दिसणारा माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. ते पुढे झाले आणि पिशवीच्या आणि माकडाच्या मधे, कापडापासून हातभर अंतरावर, खाली मांडी घालून बसले.

"माझ्या बागेतसून प्लास्टिकात घालून कोण जावचा नाय," ते म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "जावचाच आसात तर माकाय घाला."

"आजोबा, उठा आधी तिथून! ते माकड आहे," मॅडम म्हणाल्या.

"माहीत आसा माका."

"मग?"

काकांनी मांडी आणखी आवळली. वहिनी रडायला लागली, पण माकडाकडे न बघता, पडवीतला फोटो समोर असावा तसं दुसरीकडेच बघत. ते मी पाहिलं. एक गोचीड कापडाची कड ओलांडून काकांच्या धोतराकडे निघाली. मी ती चिमट्याने उचलली. दुसरी निघाली.

"मॅडम," मी म्हणालो, "किट किती आणलेत?"

"चार. का?"

"माणसं किती आहोत?"

त्यांनी मोजलं. मी, त्या, बुधाजी. चौथा चालक होता, आणि तो जीपच्या काचा बंद करून आत बसला होता.

"इथे जाळता येणार नाही," मी म्हणालो. "पाचोळा आहे, अख्खी बाग पेटेल. वरच्या कातळावर न्यावं लागेल. चढ आहे. मला वाटतं चार खांदे लागतील."

मॅडमनी जीपच्या बंद काचांकडे पाहिलं. नियमांच्या पुस्तकात बहुधा याच्यासाठी पान नव्हतं. मग त्या काकांना म्हणाल्या, "सगळं घालावं लागेल. एक बोट उघडं दिसलं तर जीपमध्ये बसवीन. आणि आधी तेल."

"तेल?" काका म्हणाले.

"हातापायाला, मानेला. त्याशिवाय किट नाही."

काकांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि त्याच पदराखालून बाटली काढली. ती बाटली ती कधीपासून तिथे बाळगून होती देव जाणे. कापडापासून लांब नेऊन, धोतर झटकून, सुनेने सासऱ्याच्या हातापायांना तेल चोळलं. बुधाजीने त्यांना किटमध्ये भरलं. किटमधल्या पायमोज्यांत पायजम्याची टोकं खोचली. चष्मा चढवला. काका आरशात बघावं तसं आमच्या चष्म्यांत स्वतःला बघत होते.

"कसो दिसतंय?"

"चंद्रावर चाललात," मी म्हणालो.

"लांब आसा," ते म्हणाले.

मॅडमनी तपासणीसाठी नमुने घेतले, सभोवती पावडर मारली. माकड पिशवीत गेलंच; त्याला इलाज नव्हता. पण पिशवी तिरडीवर ठेवली, आणि तिरडीवर काकांच्या सांगण्यावरून वहिनीने लांबून झेंडूची माळ फेकली. नेम चुकला. ती बुधाजीच्या डोक्यावर पडली. त्याने ती उतरवून तिरडीवर ठेवली.

तर अशी ती अंत्ययात्रा. पुढे चार अंतराळवीर. खांद्यावर मारुतीचा माणूस. मागे, मॅडमनी आखून दिलेल्या अंतरावर, पायवाटेने अख्खी वाडी, पायमोजे पोटऱ्यांपर्यंत ओढलेली. झांज वाजत होती. मी मागच्या डाव्या बाजूला होतो, काका पुढच्या उजव्या. उन्हात किटच्या आत माझं वरण शिजत होतं. काका वाटेत एकदाही थांबले नाहीत. बुधाजी दोनदा म्हणाला, "काकानू, बदली करूया?" काकांनी मान हलवली.

कातळावर वाडीतल्या पोरांनी आधीच चिता रचून ठेवली होती. तिरडी ठेवली. आणि मग काका पुढे होऊन उभे राहिले, हात जोडले. गाऱ्हाणं.

गाऱ्हाण्याची रीत अशी की घालणारा एकेक वाक्य बोलतो आणि जमलेले सगळे "होय म्हाराजा!" म्हणतात. काकांच्या तोंडाला मास्क होता, वर चष्मा होता, वाडी लांब उभी होती. कोणाला एक शब्द ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी काकांचे खांदे जरा उचलले गेले की वाडी समजून घ्यायची आणि ओरडायची, "होय म्हाराजा!"

मी त्यांच्या शेजारी होतो. मला ऐकू येत होतं.

"बा धन्या, वाडीवस्तीच्या राखणकर्त्या," काका म्हणत होते, "आज ह्यो जीव तुझ्या पदरात घालतंय."

"होय म्हाराजा!"

"तेच्याबरोबर आणखी एक नाव घी. सुभद्रा सगुण गवस. ती त्या मोठ्या साथीत गेली. हेच कपडे घातलेली माणसां होती. हीच पिशवी. माका फाटकाकडेच थांबवल्यांनी."

मागे झांज वाजली. "होय म्हाराजा!"

"तिका खांदो मिळाक नाय. कोण न्हावक नाय तिच्यासाठी, कोण इलोच नाय तर न्हातलो कोण? ता मनात धरू नको तिच्यार. चूक तिची नाय. ह्यो खांदो तिचो म्हणान घी, आणि तिची वाट मोकळी कर."

खांदे उचलले गेले नाहीत, म्हणून वाडीला कळलं नाही की वाक्य संपलं.  बुधाजी आकाशाकडे बघत होता. मॅडम हातातल्या नमुन्याच्या डब्यावर, जिथे आधीच सगळं लिहिलेलं होतं, तिथे काहीतरी लिहीत होत्या.

"होय म्हाराजा," मी म्हणालो.

काकांच्या चष्म्याच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती. पुसायची सोय नव्हती. त्यांनी तसाच अंदाजाने अग्नी दिला.

खाली आल्यावर कोणाला काही सांगावं लागलं नाही. अंत्ययात्रेहून आलेला माणूस न्हाल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. विहिरीवर चुली पेटल्या, पाणी तापलं, कपडे अंगणाबाहेर उतरले आणि उकळत्या पाण्यात गेले. जी गोष्ट घसा कोरडा करून आम्हाला महिनाभर जमली नव्हती, ती एका माकडाने एका दुपारी करून दाखवली. सगुणकाका गरम पाण्याने न्हाले. संध्याकाळी. वहिनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका आंघोळ करून पुन्हा रानात निघाले. अनवाणी. मी पडवीत दात घासत होतो.

"काका," मी म्हणालो, "सुतक ना?"

"माकडाचा कसला सुतक?"

"खांदा दिलात."

ते थांबले.

"शिवाय," मी फेस थुंकून म्हणालो, "माकड गेलं, पण गोचिडी रानातच आहेत. त्यांच्या पोटात त्याचंच रक्त. म्हणजे त्याची माणसंच म्हणा की. तुम्ही रोज जाऊन त्यांच्यात बसणार. म्हणजे रोज मढ्याघरून येणार."

मी हे गमतीने बोललो होतो. काकांनी ते गमतीने घेतलं नाही. त्यांनी अंगणात उभं राहून त्यावर बराच विचार केला, आणि संध्याकाळी वाडीची बैठक बोलावली. ठरलं ते असं: मिरग निघेपर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत, वाडीला माकडाचं सुतक. रानातून येणाऱ्याने उंबऱ्याबाहेर कपडे काढायचे, गरम पाण्याने न्हायचं, मग घरात. सुतकात राखणदाराची पूजा नसते, त्यामुळे जाताना न्हायची गरज नाही. अडचण एकच निघाली. सुतकात तेल लावत नाहीत.

मॅडमना मी फोनवर हे सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

निकाल काकांनीच दिला. "खांदो देताना जां अंगार होतां, तां सगळां सुतकाचा. तेल अंगार होतां. म्हणजे तेल लावूचाच."

 बाटल्या देव्हाऱ्याशेजारून उठल्या. तपासणीत त्या माकडाला माकडतापच निघाला. काकांना आठवड्याने ताप आला तेव्हा अर्धी वाडी पडवीत येऊन बसली. वहिनीने सरळ त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. रक्त तालुक्याला गेलं. साधी सर्दी निघाली. संध्याकाळी न्हायची सवय मोडली होती, एवढंच. त्या हंगामात आंबेखोलात माकडताप कोणाला झाला नाही.

मी आता मिरजेत शाळेत शिकवतो. मुलांना वाघ शिकवतो. परवाच्या एप्रिलमध्ये, किती वर्षांनी, आंबेखोलला गेलो. एसटी फाट्यावर सोडते. तिथून मी बागेतली जवळची वाट धरली.

"थांब थंयच!"

सगुणकाका पायरीवर बसले होते. आणखी काटक, आणखी म्हातारे. अंगणाबाहेर दगड, दगडाशेजारी चूल, चुलीवर हंडा. सगळ्या घरांसमोर तसाच दगड, तशीच चूल.

"रानातसून इलंस मां? पयलां न्हा."

"काका, सुतक अजून फिटलं नाही?"

"माकडाचा कवाच फिटला," काका म्हणाले. त्यांनी हंड्यात बोट बुडवून पाणी पाहिलं. "आता सांजचा पाणी तापता तिच्या वक्ताक. बरां वाटता."

पडवीतल्या फोटोला हार ताजा होता. मी शर्टाची बटणं काढायला लागलो. काका उठले, माझ्याजवळ आले, आणि डोळे बारीक करून माझ्या मानेकडे बघायला लागले.

"हलू नको," ते म्हणाले.

त्यांनी कोनाड्यातून चिमटा काढला. तो माझाच होता. कातडीला अगदी लागून धरली, सरळ वर ओढली. पीळ नाही, झटका नाही.